टर्बोच्या पाइपाला नवार

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. मला पन्नास पुरी झालेली. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होतो असं आई सांगायची, आणि आमच्या घरात याहून पक्का जन्मदाखला कुणाचाच नव्हता. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. मी उभा राहिलो नाही, घरी गेलो, आणि परत काही गेलो नाही. पुढं जे वाचायला आलं ते मैलाचे दगड आणि ट्रकच्या पाठी वाचून. म्हणून या लिहिण्यात कुठं काना-मात्रा चुकला असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावा. गाडीबद्दल मात्र सुधारू नये. ते मी लिहिलंय तसंच आहे.

त्या वर्षी मी लातुरात एका क्लासवाल्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. गाडी साधी नव्हती. भूकंपानंतर बाहेरच्या मुलकातली एक संस्था आमच्याकडं मदतीला आली होती, तिनं जहाजातनं आणलेली. चारी चाकांना इंजिनचा जोर मिळायचा. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक बुटका दांडा होता. तो मागं ओढला की काळ्या रानातल्या गुडघाभर चिखलातनं ती म्हशीसारखी शांतपणे निघायची, घाई नाही, धडपड नाही. संस्थेला इकडचे रस्ते माहीत असलेला माणूस पाहिजे होता. मी गेलो. औसा सोडलं की पुढची गावं गावं राहिली नव्हती. मी ताडपत्र्या नेल्या, पातेली नेली, पाण्याच्या टाक्या नेल्या, आणि काही दिवस आणखीही नेलं, त्याबद्दल लिहिणार नाही. त्या पावसात कितीतरी ट्रक आणि सरकारी जीपा रुतल्या. त्या आमच्या गाडीनं दोर लावून बाहेर काढल्या. आमच्या गाडीला दोर लावायची पाळी कुणावर आली नाही. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो, आताही सांगतो.

भूकंपात माझं स्वतःचं काही गेलं नाही. लातुरातल्या आमच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला, तो गवंड्यानं बुजवला. पहिलं वर्ष सगळी गल्लीच बाहेर झोपायची. मग एकेक घर आत गेलं. मी गेलो नाही. अंगणात नवारीची बाज टाकायची आणि पाऊस आला तर गाडीत पाय दुमडायचे, असं माझं चालू राहिलं. बायकोनं सुरुवातीला विचारलं, नंतर विचारायचं सोडलं. ती आत, मी बाहेर. याला पाच वर्षं होत आली होती.

संस्था परत गेली तेव्हा तिनं गाड्या विकल्या. ही एक अप्पांनी घेतली आणि गाडीबरोबर मलाही ठेवलं. अप्पा म्हणजे माझे मालक. वय माझ्या धाकट्या भावाएवढं, गळ्यात लिंग, गोलाईच्या बाजारपेठेजवळ वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान. तेव्हा लातुरात जिकडं तिकडं क्लास निघत होते. किनवट-उमरीपासनं पोरं यायची. ज्यांच्या घरात दोन खोल्या होत्या ते एका खोलीत राहून दुसरी पोरांना भाड्यानं द्यायचे. भूकंपानं ज्या गावाची झोप उडवली होती तिथं आता पहाटे उठून पोरं पाठांतर करायची. अप्पांनी वडिलांना गळ घालून दुकान एका वर्षापुरतं बंद केलं, मागच्या पत्र्याच्या गोदामात बाकडी टाकली आणि क्लासचा फळा लावला. गणिताचे मास्तर मिळाले. फिजिक्सचे मिळेनात. वडिलांचा शब्द असा होता, की या वर्षी वर्ग भरला तर ठीक, नाहीतर पुन्हा तराजूमागं बसायचं. आणि फिजिक्सला नाव असलेला माणूस नसेल तर वर्ग भरत नव्हता, हे गोलाईतल्या हमालालासुद्धा ठाऊक होतं.

असा माणूस नांदेडात होता. कॉलेजातले सर, पोरं त्यांचं नाव घ्यायची. अप्पांनी त्यांना तयार केलं, पण अर्धंच. सरांच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि त्यांची आई. ती माय लातूरला यायला तयार नव्हती. हललेल्या गावात राहायला जायचं नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी असं ठरलं, की तिनं एकदा यावं, एक रात्र राहावं, गाव बघावं आणि मग सांगावं. त्याच दिवशी दुपारी गोदामात पालकांची सभा ठेवली. म्हणजे सर समोर दिसले तर पालक नावं नोंदवणार, नाही दिसले तर शेजारच्या गल्लीत दुसरा क्लास होताच.

निघताना अप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मामा, त्या बाईंना सांभाळून आणा, गाडी हळू हाका, भूकंपाचं काही बोलू नका. मी म्हटलं, मी कशाला बोलतो. आणि टर्बोचा पाइप बघितला का, असंही त्यांनी विचारलं. ते मला आवडलं नाही. तो पाइप मी रोज बघत होतो.

टर्बो म्हणजे काय ते सांगतो. इंजिनच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. ही हवा मनगटाएवढ्या जाड रबरी पाइपातनं जाते. चढावर, ओझ्याला, पाय दाबला की पाइपात हवा अशी ताठते की हाताला दगड लागावा. तो पाइप चिरला की गाडी बंद पडत नाही, पण तिचा दम जातो. मागनं काळा धूर, पुढनं फुस्स आवाज आणि चढावर बैलगाडी पुढं निघून जाते. संस्थेनं जाताना एक जास्तीचा पाइप दिला होता. तो आदल्या वर्षीच संपला. दुसरा ना लातुरात ना नांदेडात. मुंबईला सांगून ठेवला होता, तो आला नव्हता. बसवलेल्या पाइपाला एक बारीक रेघ दिसत होती. मी तिच्यावर बोट फिरवून बघायचो. रेघच होती, चीर नव्हती.

सकाळी नांदेडला पोचलो. माय तयारच होत्या. सत्तरीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, नाकावर चष्मा. सामान बघितलं तर एका रात्रीसाठी घर निघालेलं. फिरकीचा तांब्या, लोणच्याची बरणी, आणि स्वतःची वळकटी, कारण दुसऱ्याच्या अंथरुणात त्या झोपत नसत. वळकटी नवारीच्या लांब पट्ट्यानं करकचून बांधलेली. सर तिला हात लावायला गेले तर म्हणाल्या, "तू सैल करशील." मग मी उचलली.

सर पुढं बसले, माय मागं. लोह्यापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. लोह्यात मी चहाला थांबलो, तिथं त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी प्यायलं आणि सरांना विचारलं, की तिथं पुन्हा हललं तर काय करायचं. सर म्हणाले, आई, त्या दिवशी नांदेडातही हललं होतं.

"नांदेडात भांडी वाजली," त्या म्हणाल्या. "तिकडं माणसं गेली."

सरांनी चहाचा कप उचलला. मी पैसे द्यायला उठलो, भूकंपाचं बोलायचं नव्हतं. मला तसं सांगितलेलंच होतं.

माळाकोळीच्या अलीकडं चढ लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर रिकामा निघाला होता. मी त्याला मागं टाकायला खालचा गिअर टाकला, पाय दाबला, आणि बॉनेटखाली फाट्कन आवाज झाला. टायर फुटावा तसा. गाडी एकदम मऊ पडली. आरशात बघितलं तर मागं काळा धूर. कडेला एका लिंबाखाली घेतली.

मायनं सीट दोन्ही हातांनी धरलं होतं. हळूच विचारलं, "हललं का?"

"न्हाई माय. पाइप फुटला."

"मग परत फिरव," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "अर्ध्या वाटेत फुटलं, आणखी काय सांगायला पाहिजे?"

सरांनी त्यांना समजावलं, की परत फिरायलाही गाडी नीटच पाहिजे. ते त्यांना पटलं. त्या खाली उतरल्या, लिंबाखाली वळकटी ठेवायला लावली आणि तिच्यावर बसल्या. तिथून त्यांना माझं सगळं काम दिसत होतं.

आमच्याकडं विहिरीवरच्या इंजिनाचा पाइप चिरला की कुणी मिस्त्रीकडं जात नाही. सायकलची जुनी ट्यूब घ्यायची, तिची लांब पट्टी कापायची, ताणून ताणून गुंडाळायची. झालं. हंगाम निघतो. प्रत्येक शेतात, प्रत्येक पंपाला असं रबर गुंडाळलेलं दिसेल. मी गाडीत अशा पट्ट्या नेहमी ठेवायचो. बॉनेट उघडलं. रेघेची चीर झाली होती, बोटभर लांब. पाइप गरम होता, फडक्यानं पुसला, रबर ताणून पाच-सहा वेढे दिले, वर तार आवळली.

सर शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, विहिरीवर जो पाइप असतो तो पाणी ओढतो ना? मी म्हटलं, हाव. मग ते म्हणाले, तिथं आतला ओढा रबराला चिरीत खेचून धरतो. इथं उलटं आहे. इथं हवा आतनं बाहेर ढकलते, ती रबराला फुगवेल. बोलणं शांत होतं, वर्गात बोलावं तसं. पण गाडीच्या कामात मधे बोललेलं मला चालत नाही, मग ते कुणीही असो. मी म्हटलं, "सर, तुमचं फळ्यावर, माझं बॉनेटखाली." ते हसले आणि बाजूला झाले.

गाडी निघाली. शंभर पावलं गेली असेल, चढावर पाय दाबला, पुन्हा फाट्. रबराचा फुगा होऊन फुटला होता, तार वाकडी. मी म्हटलं, रबर जुनं होतं. गाडी उतारावर सोडून परत लिंबाखाली आणली, कारण माय तिथनं हलल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, आधी गाडी वर जाऊन दाखव, मग मी बसते. दुसऱ्या वेळी मी असतील तेवढ्या सगळ्या पट्ट्या गुंडाळल्या. पाइप सुजलेल्या पायासारखा दिसायला लागला. तो आणखी थोडा जास्त टिकला, म्हणजे आवाजही तेवढाच मोठा झाला.

आजही माझं म्हणणं आहे, की ट्रकच्या ट्यूबचं जाड रबर हाताशी असतं तर ते टिकलं असतं. सायकलच्या ट्यूबचा दोष सगळ्या रबरावर टाकता येत नाही.

सरांनी मग विचारलं, पाय न दाबता, टर्बोशिवाय, हळूहळू जाता येणार नाही का. येतं. मला ते माहीत होतं. उघड्या पाइपाला फडकं बांधून, जोर न लावता, सावकाश. सपाट रस्त्याला मी तसंच केलं असतं. पण पुढं चढच चढ होता, धूर मागच्या सीटवर येत होता, आणि त्या चालीनं लातूरला दिवेलागणीला पोचलो असतो. सभा दुपारची.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. नांदेडचा सरदारजी, माझ्या तोंडओळखीचा. खिडकीतनं वाकून म्हणाला, "काय उस्ताद, विलायती म्हैस बसली का? दोर लावू? अहमदपूरपर्यंत ओढून नेतो."

"आमच्या गाडीला दोर लागत न्हाई."

"लागत न्हाई का लावू देत न्हाईस?"

मी बॉनेटखाली वाकलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, वळकटीवर बसलेल्या मायकडं बघितलं, तिला हात जोडले आणि म्हणाला, "मग माताजींना वारा घाल इथंच बसून." ट्रक निघून गेला. सरांनी घड्याळ बघितलं, पण बोलले काही नाहीत. भला माणूस. दुसरा कुणी असता तर समोरनं येणारी एखादी गाडी धरून परत नांदेडला गेला असता.

मायनं हाक मारली. मी गेलो नाही, तेव्हा त्याच उठून आल्या. चष्म्यातनं पाइपाकडं बघितलं. त्यांनी मला विचारलं, की आत जी हवा असते ती बाहेर यायला बघते, असं हा म्हणतोय ते खरं का. मी म्हटलं, खरं.

"मग रबर कशाला लावून राहिलास? लोणचं फसफसलं की बरणीच्या तोंडावरचं रबर फुगतं आणि सुटतं. मी कापड घालते, वरनं दोरी आवळते. कापड ताणत नाही."

"माय, हे लोणचं न्हाई."

"ते दिसतंय. लोणचं असतं तर एव्हाना बांधून झालं असतं."

सर तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी पाना हातात धरून उभा. रबर संपलं होतं. तार होती, पण नुसत्या तारेनं पाइप कापला असता. बायकांनी सांगितलेलं ऐकायचं नाही असं माझं कधीच नव्हतं, पण सांगणारा समोर उभा राहून बघत असला की माझा हात चालत नाही. मी त्यांना तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बघत नाही, मी धरते."

त्यांनी बरणीच्या तोंडावरचा दादरा सोडला. जुन्या धोतराचं चौपदरी कापड, तेलानं पिवळं झालेलं. मी म्हटलं, तेल नको, सुटेल. तर त्यांनी वळकटी सोडली. नवारीचा तो लांब पट्टा, सुती, रुंद, पक्क्या विणीचा. अंथरूण रस्त्याच्या कडेला मोकळं झालं, उशी घरंगळली, सरांनी ती काखेत घेतली आणि तसेच उभे राहिले. मी पाइपाच्या दोन्ही क्लिपा ढिल्या करून तो काढला, डिझेलनं पुसला, उन्हात वाळवला, कारण आतनं तेलाचा ओशटपणा असतो आणि त्यावर काहीच धरत नाही. मग मी चीर मिटवून धरली आणि मायनं पट्टा गुंडाळायला घेतला. प्रत्येक वेढा अर्ध्यावर चढवून, आधीच्या वेढ्यात दाबून. मी ओढायचो, त्या अंगठा ठेवायच्या. शेवटची गाठ त्यांनी मारली. मी वरनं तार घातली. तार घातली हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं त्यांनी हे सांगताना तार कधी सांगितली नाही.

गाडी चढ चढली. मी पाय दाबला, आवाज आला नाही. टर्बोची बारीक शीळ आली, ती यायला पाहिजे तशी. आता माय पुढं बसल्या होत्या. म्हणाल्या, गाठ माझी आहे, मला पुढं बसू दे. सर मागं, मोकळं अंथरूण मांडीवर घेऊन.

अहमदपूर गेल्यावर त्यांनी मला घरची विचारपूस केली. बायको, पोरं, पोरांची लग्नं. मग भूकंपाचं. मी म्हटलं, मला ते बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, बोलू नको, मी एकच विचारते.

"तू लातुरात घरात झोपतोस?"

इथं हो म्हणायचं होतं. अप्पांचं दुकान, गोदामातली बाकडी, दुपारी जमलेले लोक, सगळं त्या एका 'हो'वर होतं, आणि मागं बसलेले सरही पुढं वाकलेले मला आरशात दिसले. पण मी खोटं बोलत नाही. चांगुलपणानं म्हणून नव्हे. खोटं बोललेलं लक्षात ठेवावं लागतं, आणि आपल्याच गावात, आपल्याच अंगणात बाज पडलेली असताना ते किती दिवस टिकणार.

"न्हाई," मी म्हटलं. "बाहेर झोपतो. अंगणात."

"अजून?"

"अजून."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा सगळा रस्ता बाहेर बघत बसल्या. चाकूर गेलं, लातूर आलं. पाइप टिकला.

सभेची वेळ टळून गेली होती. बरेच पालक उठून गेले होते, बरेच बसून होते. अप्पा दारातच उभे. सरांना बघून त्यांचा चेहरा पांढऱ्याचा परत माणसाच्या रंगाचा झाला. सर तसेच उशीसकट आत गेले, मग लक्षात आल्यावर उशी अप्पांच्या हातात दिली. खडू घेऊन त्यांनी फुटलेला पाइप फळ्यावर काढला आणि त्यावरच हवेचा दाब शिकवला. पालकांबरोबर आलेली पोरं हसली, पालक खूश झाले. शेवटी मात्र ते सरळ म्हणाले, की मी येणार का नाही ते उद्या सांगीन. तेव्हा नाव कुणी नोंदवलं नाही. उद्या येतो म्हणून लोक गेले.

संध्याकाळी मायनं अप्पांचं घर बघितलं. स्लॅबचं, नवीन. तिथं झोपायला त्यांनी नाही म्हटलं. गोदाम बघितलं, पत्र्याकडं वर बघून म्हणाल्या, हे पडलं तरी माणूस वाचतो. बाकडी सरकवून त्यांचं अंथरूण तिथं टाकलं. अप्पांनी हात जोडून विचारलं, की काकू, मग आमच्या वर्गाचं काय समजू. मी दाराशी चावी द्यायला उभा होतो. त्यांनी अप्पांना उत्तर न देता मला आत बोलावलं.

"आज तू खरं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मग मीही सांगते. हा ड्रायव्हर या गावचा. यानं सगळं डोळ्यांनी बघितलं. तो घरात झोपत नाही आणि मला इथं बिऱ्हाड करायला आणतो. कसं यायचं मी?"

"मी न्हाई बोलावलं, माय. अप्पांनी बोलावलं."

"आणायला तू आलास." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तू आत झोपायला लाग. तुझ्या डोक्यावर छप्पर राहिलं तर माझ्याही राहील. तू आत, तर मी लातुरात. नाहीतर उद्या सकाळी पट्ट्यापुरती नवार आणून दे, मी वळकटी बांधते आणि एसटीनं जाते."

सर म्हणाले, आई, असं कुणाला बांधून घालू नये. अप्पांनी माझा दंड धरला. "मामा, हो म्हणा की. झोपायचंच तर आहे."

मी दंड सोडवून घेतला. मी म्हटलं, मी पगारावर गाडी हाकतो, झोप पगारात नाही. आणि घरी आलो.

अप्पांचं वाईट वाटलं का, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. वाटलं असेल. त्या संध्याकाळी मी जेवलो, बाज टाकली आणि नेहमीप्रमाणे अंगणात पडलो. बायकोला काही सांगितलं नाही. पण तिला गल्लीतनं कळलं होतं. ती दारात आली, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. दार नेहमी पुढं लोटायची, ते तिनं तसंच उघडं ठेवलं.

सकाळी बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी बाज उभी केली आणि नवार सोडायला घेतली. पाच वर्षांची वीण होती, उन्हापावसानं कडक झालेली, गाठी सुटेनात. पायाचा अंगठा लावून एकेक ओढली. बायको म्हणाली, बाजेला काय झालं. मी म्हटलं, काही नाही, नवार पाहिजे. मग निजणार कशावर, तिनं विचारलं. मी म्हटलं, माझं अंथरूण मधल्या खोलीत टाक, भिंतीच्या कडेनं नको, मधोमध टाक. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. मी रिकामी चौकट न्हाणीमागं नेऊन टेकवली, नवारीचा गुंडाळा सायकलच्या कॅरिअरला लावला आणि गोदामाकडं गेलो. माय उठून बसल्या होत्या. गुंडाळा त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, सगळ्या बाजेची आहे, पाहिजे तेवढी कापून घ्या, मला आता लागत नाही. आणि त्या काही बोलायच्या आत पाइपावरची गाठ बघायला गाडीकडं गेलो.